मांडणीला बारा

माझी नात सुजाता वाशिंदला राहते, अलीकडं मीही तिच्याकडंच असतो. नोकरी करते, आणि नोकरीवरून आली की लोकांचे ब्लॉग वाचते. ब्लॉग म्हणजे काय, हे मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, ज्याची त्याची भिंत समजा. मनातलं आपण लिहायचं, आपल्या हातानं सजवायचं, येणारा-जाणारा वाचतो." त्या भिंतींना ती मार्क देते. लेखनाला दहापैकी वेगळे, मांडणीला दहापैकी वेगळे, आणि का दिले तेही खाली लिहिते. मागं कुणा बाईनं आपल्या वडलांच्या आजारपणाचं लिहिलं होतं. सुजातानं लेखनाला आठ दिले, मांडणीला तीन. काळ्यावर राखाडी अक्षरं, वाचताना डोळे फुटतात म्हणाली. त्या बाईनं उलट कळवलं, माझ्या बापाच्या दुखण्याला तुम्ही तीन दिलेत. पोरगी नीट जेवली नाही. मला म्हणाली, "तीनाचे सात करून टाकते आजोबा, माझं काय जातंय?" मी विचारलं, "शेवटपर्यंत वाचलं होतंस?" "दोनदा." "मग तीन राहू दे." तर म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं." रागानं नाही म्हणाली, पण म्हणाली.

मी चौथी शिकलेला माणूस. पण त्यातलं मला कळतं. तिच्या बापाच्याही जन्माआधी मी हेच काम केलंय, आणि पहिल्याच दिवशी सख्ख्या बापाला पन्नासपैकी बारा दिलेत. ते मी आजही वाढवणार नाही. कसे दिले ते मात्र लिहून ठेवतो.

आमची वाडी मुरबाडहून म्हसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, ओढा ओलांडून. घरं सगळी कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर दोन्ही अंगांनी माती-शेणाचा गिलावा, पायाशी शेणाचा काळसर पट्टा. आईचा हात सकाळी त्या पट्ट्यावरून फिरायचा त्याचा सर्र सर्र आवाज, मागच्या अंगणात पारू आत्याचं मुसळ, आणि लांब रस्त्यावर वळण घेणारी एसटी. या तीन आवाजांवर आमची सकाळ चालायची. घड्याळ कुणाकडं नव्हतं. खायला बहुतेक नाचणीची भाकर, सणाला तांदळाची, आणि सुकट. उन्हाळ्यात सुकटीत कैरी पडली की आई म्हणायची, आज पाहुणं आलं तरी चालंल. पाहुणं काही येत नव्हतं, पण ती म्हणायची.

शाळा मी चौथीत सोडली. मास्तरानं वर्ग झाडायला नेमका आमच्याच वाडीतल्या पोरांना झाडू द्यायची पद्धत ठेवली होती. एके दिवशी मी तो घेतला नाही. त्यानं खाली टाकला, मी उचलला नाही. घरी आलो आणि परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बानं म्हशी माझ्या हाती दिल्या. अक्षर मात्र माझं सुटलं नाही. म्हशाच्या जत्रेत व्यापाऱ्यांच्या गाड्यांवर नावं रंगवणारा एक म्हातारा यायचा. जत्रा असेल तेवढे दिवस मी त्याच्यासमोर बसून राहायचो. त्यानं मला शिकवलं असं नाही. हाकललं नाही एवढंच. निळीच्या पाण्यात दोरी भिजवून फळीवर कशी झटकायची आणि एका झटक्यात सरळ रेघ कशी उमटवायची, आधी सगळा मजकूर मोजून मग पहिलं अक्षर कसं टाकायचं, हे मी पाहून उचललं. मिसरूड फुटेपर्यंत आसपासच्या वाड्यांतल्या गाड्यांवर माझंच अक्षर होतं. मला त्याचा ताठा होता. अजून आहे.

आता बाचं सांगायला हवं. त्याचं नाव धर्मा. सगळी वाडी त्याला धर्मादादा म्हणायची. पूर्वी गावातलं ढोर मेलं की ते ओढून रानात टाकायचं काम आमच्या लोकांकडं होतं. आमच्या घरात त्याचा काथ्याचा जाड दोर होता. आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला, त्यानंतर बानं हे काम सोडलं आणि तो दोर चुलीत घालून जाळला. गावानं त्याचा राग धरला. शेतावरची मजुरी बंद केली, दुकानदारानं मीठ देणं बंद केलं. त्याच साली माझी आजी गेली. मी तेव्हा तान्हा. मला यातलं आठवत काही नाही, पण ऐकून ऐकून सगळं डोळ्यांपुढं उभं. मुरबाडला, शहापूरला सभा झाली की "धर्मादादानं दोर जाळला" ही गोष्ट निघायचीच, आणि बा सभेत असला तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायचा. लोक म्हणायचे, केवढा साधा माणूस.

ही गोष्ट सगळ्यात जास्त सांगायचे ते शहापूरचे अण्णा. आमच्याच समाजातले, शिकलेले, कचेरीत नोकरीला. मनाचे मोठे. वाडीवाडीला रात्रीचे साक्षरतेचे वर्ग त्यांनीच उभे केले. वाडीतली मोठी माणसं वर्षभर त्या वर्गाला बसली, तेव्हा अण्णांनी एक टूम काढली. जयंतीला दर साली घरं पांढरी करतोच. या खेपेला प्रत्येक घरानं दाराशेजारची भिंत चुन्यानं रंगवून तिच्यावर आपल्या घरात काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. भाषणातलं, पुस्तकातलं उचलायचं नाही. जयंतीच्या सकाळी परीक्षकांनी घरोघर जायचं, सगळ्यांदेखत भिंत वाचायची, मार्क मोठ्यानं सांगायचे, कारणासकट, आणि गेरूनं दाराच्या चौकटीशेजारी लिहून टाकायचे. पाऊस धुऊन नेईल तोवर ते तिथंच राहणार. त्या दिवशी घरातल्यानं उलट बोलायचं नाही. मजकुराचे पन्नास अण्णांकडं. मांडणीचे पन्नास कुणाकडं यावर जरा वेळ बोलाचाली झाली आणि शेवटी माझं नाव निघालं. वाडीतलीच काही जाणती माणसं म्हणाली, हा चौथी नापास. मी म्हटलं, नापास नाही, सोडलेली. आणि ओळ वाकडी आहे की सरळ, हे बघायला मॅट्रिक लागत नाही.

सगळी वाडी चुन्यात पडली. चुना भिजवला की रटरट आवाज करत उकळतो, तसे पाचसहा डबे एकदम रटरटत होते. शिंदीचे देठ ठेचून कुंचे केले. नीळ, गेरू, काजळी, हळद, जे सापडेल त्याचा रंग. मी सगळीकडं हात मागं बांधून फिरत होतो, परीक्षक म्हणून. आमच्या घरी आलो तर बानं भिंतीवर गोणपाट टांगलेलं.

"बा, रेघा तरी मारून देतो."

"परीक्षकाला पेपर दाखवतात का रे? चल, हो तिकडं."

बा रोज पहाटे, उजाडता उजाडता त्या गोणपाटाआड शिरायचा. आतून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं, एक एक अक्षर जुळवत. वर्गात तो सगळ्यात मागं बसायचा आणि सगळ्यात हळू लिहायचा. आई वैतागली होती, कारण तिची मिरची वाळायची जागा नेमकी तीच.

"भिंत हाय का नवरी?" ती म्हणायची. "मला आणली तवा एवढा पडदा धरला नव्हता गो कुणी."

आत्या मुसळ न थांबवता म्हणायची, "तुला पाहूनच आणली व्हती. भिंतीला कुणी पाह्यलीय?"

जयंतीच्या सकाळी कर्णा लागला. अण्णा पहिल्या एसटीनं आले, पांढरी कडक विजार, पांढरा सदरा. आम्ही वरच्या अंगानं सुरुवात केली. मागून वाडी चालत होती. खरं सांगतो, त्या दिवशीसारखं वाचन मी पुन्हा पाहिलं नाही. एकानं म्हैस व्याली ते लिहिलं होतं, तिनं किती त्रास दिला ते सगळं. एकानं मुलगा वाशिंदच्या कारखान्यात लागला ते, आणि पहिल्या दिवशी डबा न्यायला विसरला तेही. एका नव्या सुनेनं हळदीनं लिहिलं होतं की माहेरची विहीर गोड आहे, इथलं पाणी मचूळ लागतं, पण माणसं बरी आहेत. सासू शेजारीच उभी होती. अण्णांनी मजकुराला चाळीस दिले, मी मांडणीला चाळीस, कारण चार बोटं कड सोडून तिनं सारख्या ओळी बसवल्या होत्या. जयंती मंडळातल्या सोम्याच्या भिंतीवर मात्र फुलं, वेली, दोन मोर, आणि मध्ये कुठंतरी दोन ओळी. मी अठरा दिले. "अक्षर शोधायला मोर हाकलावे लागतात," मी म्हटलं. लोक हसले, सोम्या हसला नाही. सुजाताला हे सांगितलं तर म्हणाली, असे मोर आमच्याकडंही खूप आहेत.

मग आमचं घर आलं. बानं गोणपाट काढलं. पहिली ओळ नारळाएवढ्या अक्षरांत होती. त्याखालची पेरूएवढ्या. पुढं ओळी उजवीकडं उतरत गेलेल्या, जसं भरलं गाडं उताराला लागावं. अण्णांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. "या साली आमच्या घरात काय घडलं नाय. म्हणून मागचं लिवतो. आमी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. दोर जाळला." एवढं वाचून ते थांबले. डोळे भरून आलेले मी पाहिले, ते खोटे नव्हते. मग ते भिंतीकडं पाठ करून लोकांकडं वळले आणि ती गोष्ट सांगू लागले, सभेत सांगायचे तशी. गावानं कसं छळलं, धर्मादादा कसा डगमगला नाही. लोकांनी टाळ्या दिल्या. "या भिंतीला कमी देणारा मी कोण?" म्हणत अण्णांनी गेरू घेतला आणि चौकटीशेजारी पन्नास लिहिले.

माझी पाळी आली. मांडणी बघायची म्हणजे भिंत वरपासून खालपर्यंत बघायची. मी बघत खाली गेलो. "गावानं काम तोडलं. माझी आई त्या साली गेली." इथवर अक्षरं बोटाएवढी झाली होती, आणि चुन्याची पांढरी जागा संपत आली होती. तिथं संपलं असं उभ्या माणसाला वाटावं. पण शेणाच्या पट्ट्याला लागून, काळ्यात मिसळलेली, मुंगीएवढी आणखी एक ओळ होती. कोंबड्या तिथं माती उकरत होत्या. मी उकिडवा बसलो, कोंबडी हाकलली आणि वाचलं.

"दोर जाळायला मी निगालो नव्हतो. ढोर ओढायला निगालो होतो. दोर आईनं चुलीत घातला."

पुन्हा वाचलं. कर्ण्यात काहीतरी खरखरत होतं. वर पाहिलं तर बा ओट्याच्या खांबाला टेकून उभा, नजर माझ्यावर. सभेत माती उकरत बसलेला बा मला तेव्हा दिसला. मजकूर वाचून दाखवायचा मान अण्णांचा, माझा नाही. आणि अण्णांनी तर वाचून संपवलं होतं. मला राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. एवढी गोष्ट, आणि कोंबडीच्या उंचीला! मी उठलो, गुडघ्याची माती झटकली आणि म्हटलं, "पहिली ओळ नारळाएवढी, शेवटली मुंगीएवढी. जागा मोजली नाय. जे वाचायचं ते पायाशी गेलंय, बसल्याबिगर दिसत नाय. बारा."

एकदम गलका झाला. सोम्या ओरडला, "अरे, बापाला बारा?"

"बापाला नाय रे. मांडणीला."

"काल अक्षर शिकलेल्या माणसाला?"

"तुझ्या मोराला दिले ते याच मापानं दिले ना?"

आई दारातून म्हणाली, "आज याच्या ताटात भाकर पडायची नाय, सांगून ठेवते." अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काशिनाथ, थोडं सांभाळून घ्यावं. ती भिंत साधी भिंत नाही." मी गेरू घेतला आणि पन्नासाखाली बारा लिहिले. आकडे सरळ आले.

बा आत गेला. लोकांना वाटलं काठी आणायला गेला. तो बाहेर आला तो तवा उतरवायचं फडकं ओलं करून. चौकटीपाशी आला. उलट बोलायचं नाही असा नियम होता, बा बोलला नाही. त्यानं फडकं उचललं आणि अण्णांचे पन्नास पुसून काढले. नीट, काठापर्यंत. खालचे बारा तसेच ठेवले.

कुणालाच काही कळेना. अण्णांचा चेहरा उतरला. "दादा, माझं काही चुकलं का?"

"तुमी माझी भिंत वाचली नाय, अण्णा."

"दादा, तुमची गोष्ट मला तोंडपाठ आहे."

"तोंडपाठ हाय म्हणून तर." बानं माझ्याकडं मान केली. "ह्यानं वाचली. बसून वाचली. तुमी बी बसा."

कडक विजारीचा माणूस आमच्या अंगणात उकिडवा बसला. मी सुजाताला हे सांगायला गेलो तेव्हा इथंच उठून बाहेर गेलो, म्हणून ती गोष्ट अर्धीच राहिली. अण्णांनी ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मध्येच आवाज खाली गेला, पण वाचली सगळी. इतकी वर्षं ज्याच्या नावावर टाळ्या पडल्या तो माणूस खांबाला टेकून सगळ्यांकडं बघत होता, आणि त्या दिवशी त्याची मान खाली नव्हती.

मागून आत्या पुढं आली, हाताला कोंडा लागलेला. "आयनंच घातला," ती म्हणाली. "मी फुंकणीनं फुंकत व्हते. काथ्या लवकर पेटत नाय. हा दारात उभा राहून ओरडत व्हता, दोर दे म्हणून. ती म्हनली, आता हातानं ओढ जा." आणि पुन्हा आपल्या मुसळाकडं निघून गेली, जणू हे तिला रोज कुणी विचारत होतं.

अण्णा उठले. म्हणाले, "दादा, याला मी मार्क कसे देऊ?"

"सगळ्यांना दिलेत. माझ्या आयला फुकट नको."

अण्णांनी भिंत वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मग ओल्या जागेवर गेरूनं अडतीस लिहिले. नियमाप्रमाणं कारण सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "खरी गोष्ट शेवटाला गेली. ती आधी यायला हवी होती." बानं मान हलवली, जसं बाजारात मापाला मान हलवतात. पुढच्या घरी गेलो.

दुपारी आईनं माझ्या ताटात भाकर वाढली. तांदळाची होती, आणि कैरी घातलेली सुकट. बाजूला बा जेवत होता. मी बराच वेळ धरून ठेवलेलं विचारलं.

"मुद्दाम खाली लिवलंस का रे बा?"

तो घास चावत राहिला. "जागा संपली," म्हणाला. मग पाणी प्याला. "सुरवात केली तवा एवढं लिवीन असं वाटलं नव्हतं."

मार्क पावसापर्यंत चौकटीशेजारी होते. येणारा पाहुणा विचारायचा, बारा कुणी दिले, तर बा माझ्याकडं बोट करायचा, म्हैस विकत घेतल्यावर दाखवतात तसं. सभांतही अण्णा ती गोष्ट सांगत राहिले, पण त्यात आता आजी होती, फुंकणी होती, आणि दारात ओरडणारा बा होता. लोक टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबायचे. एकदोघं म्हणाले, अण्णा, आधीची गोष्ट बरी होती. अण्णांनी ऐकलं नाही.

सुजाता म्हणते, मार्क देताना माणूस दुखावू नये. मीही दुखावण्यासाठी दिले नव्हते. तिनं त्या बाईला अखेर काय कळवलं, मी विचारलं नाही. तीन अजून तीनच आहेत, एवढं तिनं फोनवर दाखवलं, आणि खाली त्या बाईचं काहीतरी लांबलचक उत्तर होतं. अक्षर बारीक, मला चष्म्यातूनही दिसेना. मी म्हटलं, तू वाच, मी ऐकतो.

पुढच्या जयंतीला चुना पुन्हा रटरटला. बानं भिंत पांढरी केली, वाळू दिली, गोणपाट काही टांगलं नाही. मी अंगणात म्हैस बांधत होतो, तर हाक आली, "काशा, दोरी आण रे." मी निळीत दोरी भिजवली. एक टोक त्यानं धरलं, एक मी. उंची कुठं धरायची म्हणून मी भिंतीशी उभा राहिलो, तर त्यानं माझ्या खांद्याला हात लावून म्हटलं, इथं. दोरी ताणली, झटकली, सरळ निळी रेघ उठली. खाली दुसरी. त्यानं आधी बोटांनी हवेत अक्षरं मोजली, ओठ हलवत, दोनदा. मग काजळी घेतली.

"माझी आई ठकी. दोर तिनं जाळला."

बाकी भिंत त्यानं मोकळी ठेवली. रेघ मारताना माझा हात लागला होता, म्हणून त्या साली आमच्या घराचे मांडणीचे मार्क मी दिले नाहीत. वाडीतली माणसं वाटेनं जाता-येता थांबत होती, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन बायका थांबत होत्या, आणि वाचून पुढं जात होत्या. कुणाला खाली बसावं लागत नव्हतं.